‘सेवा’ म्हणू नका, काम म्हणा

गेल्या आठ मार्चला घोडबंदर रोडवर, मानपाड्याच्या जरा पुढे, एका हॉलमध्ये मला ‘दोन शब्द’ बोलायला बोलावलं होतं. कार्यक्रम रुग्णालयातल्या कॅन्सर रुग्णांना मदत करणाऱ्या एका संस्थेचा. संस्थेचं नाव लिहीत नाही. एक तर तिथली माणसं वाईट नाहीत. आणि दुसरं, नाव लिहिलं की वाचणाऱ्या म्हणतील, अच्छा, त्यांचं ना, मग बरोबर आहे. तसं व्हायला नको. जे तिथे पाहिलं ते मी इतर ठिकाणीही पाहिलं आहे.

व्यासपीठावर पाच खुर्च्या आणि पाचांवर पुरुष : अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार, एक देणगीदार बिल्डर आणि एक माजी नगरसेवक. समोर पहिल्या दोन रांगांत एकाच रंगाच्या साड्या नेसून बसलेल्या सव्वीस बायका. त्या संस्थेच्या स्वयंसेविका. साड्या ज्यांच्या त्यांनी स्वतःच्या पैशाने घेतल्या होत्या, हे मला नंतर चहाच्या वेळी कळलं. चहाही त्यांनीच वाटला. निवेदकाने ‘आमच्या सेवाव्रती भगिनी’ म्हणून त्यांना एका रांगेत वर बोलावलं, प्रत्येकीच्या हातात नारळ आणि स्टीलचा डबा दिला. नाव कुणाचंच घेतलं नाही, वेळ नव्हता म्हणे. अध्यक्षांनी भाषणात सांगितलं की या माउल्या गेली बारा वर्षं एक पैसाही न घेता परळला जातात, बाईच्या ठायी माया मुळातच असते, तिला ती शिकवावी लागत नाही. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, सवयीने.

माझी पाळी आली तेव्हा मी तयार केलेलं भाषण बाजूला ठेवलं आणि एकच प्रश्न विचारला. ओवळ्याहून परळला जाऊन यायला किती पैसे आणि किती वेळ लागतो? व्यासपीठावरच्या एकालाही सांगता आलं नाही. पहिल्या रांगेतून मात्र चार-पाच जणी एकदम बोलल्या. शेअर रिक्षा किंवा बस, ठाणे स्टेशन, तिथून धीमी लोकल, पुन्हा चालत. जायला दोन तास, यायला दोन तास, आणि घोडबंदर रोड तुंबलेला असेल तर त्याहून जास्त. तो कधी तुंबलेला नसतो? हशा झाला. त्या हशात माझा प्रश्न वाहून गेला. म्हणून तो इथे पुन्हा मांडते आहे.

मी एम.एस.डब्ल्यू. केलेली, अकरा वर्षं रुग्णालयांच्या आवारात वावरणारी आणि महिन्याच्या महिन्याला पगार घेणारी बाई आहे. त्या सव्वीस जणी जे करतात त्यातलं निम्मं माझंही काम आहे. माझ्याकडे पदवी आहे म्हणून त्याला ‘वैद्यकीय समाजकार्य’ म्हणतात आणि त्यांच्याकडे नाही म्हणून त्याला ‘माया’ म्हणतात. आपल्याकडे हे काम आहे, त्याला प्रशिक्षण लागतं, पद लागतं आणि पगार लागतो, हे मान्य होऊन किती काळ लोटला ठाऊक आहे? मुंबईत १९३६ साली सर दोराबजी टाटा ट्रस्टने समाजकार्याची शाळा काढली, तीच पुढे टाटा सामाजिक विज्ञान संस्था झाली. १९४६ साली जे. जे. रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवकाचं पहिलं पद भरलं गेलं. म्हणजे जवळजवळ ऐंशी वर्षं. तरी कॅन्सरच्या वॉर्डात हात धरून बसणारी बाई आजही ‘पुण्य कमावते’, पैसे कमावत नाही.

त्या काय करतात ते आधी सांगते, कारण ‘सेवा’ या शब्दाखाली ते दिसेनासं होतं. सकाळी सहाला घरचा स्वयंपाक उरकून नऊच्या आत टाटा रुग्णालयाच्या आवारात. दारात बिहार, बंगाल, विदर्भ, कोकण कुठून कुठून आलेली कुटुंबं. केस पेपर कुठे काढायचा, कुठल्या इमारतीत रक्त द्यायचं, स्कॅनची तारीख दोन आठवड्यांनंतरची मिळाली तर तोवर झोपायचं कुठे, हे सगळं समजावून सांगणं. डॉक्टरने तीन मिनिटांत इंग्रजी-हिंदीत सांगितलेलं पुन्हा वीस मिनिटं सोप्या भाषेत सांगणं. जबडा काढलेल्या माणसाच्या बायकोला नाकातल्या नळीतून पातळ अन्न कसं द्यायचं ते दाखवणं. स्तन काढलेल्या बाईला आतून घालायचा उंचवटा मोजून देणं आणि तो देताना दार बंद करणं, कारण बाहेर दीर उभा असतो. धर्मशाळेत जागा आहे का म्हणून फोनामागून फोन. औषधाची चिठ्ठी घेऊन दानाच्या तीन वेगवेगळ्या दारांशी उभं राहणं. आणि माणूस गेला तर दाखला, गाडी, गावी फोन. यात माया आहेच, ती नाही असं कोण म्हणेल? पण यात माहिती आहे, कौशल्य आहे, अंगमेहनत आहे आणि रोजचे आठ-नऊ तास आहेत.

आता ओवळ्याच्या ताईबद्दल. ती मूळची मोखाड्याकडची, घोडबंदर रोडवरच्या एका मोठ्या संकुलात पाच घरी धुणीभांडी आणि पोळ्या करत होती. छातीत गाठ लागल्यावर तिने सात महिने कुणाला सांगितलं नाही. का, असं आम्ही विचारलं तेव्हा ती म्हणाली, सांगून काय करणार होते ताई, सुट्टी कोण देणार होतं? तिचं बरोबरच होतं. घरकाम करणाऱ्या बाईला आजारपणाची रजा नाही, ईएसआय नाही. २००८ साली महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा झाला, पण मंडळाचं नाव ऐकलेली बाई मला त्या रस्त्यावर अजून भेटायची आहे. शेवटी मुलीने तिला धरून नेलं. गाठ कॅन्सरची निघाली. मग कळलं की महात्मा फुले जन आरोग्य योजनेत उपचार व्हायचे तर रेशनकार्ड हवं, आणि कार्ड मोखाड्याला सासऱ्याच्या ट्रंकेत. नवरा म्हणाला, आधी भातलावणी होऊ दे, मग बघू. कार्ड आणायला मुलगी एकटी गेली, दोन दिवस शेजाऱ्यांकडे राहिली आणि भांडून घेऊन आली. ऐंशीच्या दशकात आपल्या परित्यक्ता बहिणींनी स्वतःच्या नावाच्या रेशनकार्डासाठी मोर्चे काढले तेव्हा कित्येक पुढारी हसले होते, की या बायकांना साखर आणि रॉकेल हवंय. त्या कार्डावर एक दिवस बाईचा जीव टांगलेला असेल हे तेव्हा आपल्याला तरी कुठे माहीत होतं!

ऑपरेशन झालं, केमो झाली, मग रेडिएशन. आठवड्यातून पाच दिवस ओवळा ते परळ. लोकलमधला अपंगांचा डबा कॅन्सरच्या रुग्णांनाही खुला आहे, पण डोक्याला फडकं बांधलेल्या सावळ्या बाईला रोज कुणीतरी विचारायचं, तू कुठे अपंग आहेस? पदर सरकवून दाखवायचं का, असं ती एकदा एकाला म्हणाली. त्यानंतर त्या डब्यातल्या नेहमीच्या माणसांनी तिला जागा धरून ठेवायला सुरुवात केली. पाच घरांपैकी दोन घरांनी ‘आमच्याकडे लहान मूल आहे, संसर्ग नको’ म्हणून काढलं. कॅन्सर लागत नाही हे दहाव्या मजल्यावरच्या शिकलेल्या बाईला कळू नये? एका घराने पाच हजार रुपये हातावर ठेवले आणि दुसरी बाई पाहिली. दोन घरं थांबली, त्यांचं ऋण ती आजही मानते.

बरी झाल्यावर ती त्या संस्थेत आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. तिच्याइतकी चांगली वाटाड्या मी अकरा वर्षांत पाहिलेली नाही. रांगेत उभ्या असलेल्या बाईच्या चेहऱ्याकडे बघून ती ओळखायची, की हिने सकाळपासून काही खाल्लेलं नाही, की हिच्याकडे परतीचे पैसे नाहीत. स्तन काढायचा म्हटल्यावर फाइल घेऊन पळ काढणाऱ्या चार बायका तिने माझ्यासमोर परत आणल्या. कशा? त्यांना बाथरूममध्ये नेऊन स्वतःचा व्रण दाखवला. हे मला कुठल्या समुपदेशनाच्या वर्गात शिकवलं होतं? मी तर ते करूच शकत नाही.

पाच महिन्यांनी तिचं येणं बंद झालं. आठवड्यातले तीन दिवस परळला म्हणजे तीन दिवसांच्या घरकामाचा खाडा, आणि वर गाडीभाडं. संस्थेच्या बैठकीत मी विषय काढला. एक विश्वस्त म्हणाले, ‘आवड कमी पडली असेल. सेवेला आतून ओढ लागते.’ मला त्या वाक्याचा इतका संताप आला की मी काही बोलूच शकले नाही. आता लिहिते आहे.

मैत्रिणींनो, फुकट काम करायला कुणीतरी पोसणारं लागतं. त्या सव्वीस जणींपैकी बहुतेकींच्या घरी नवऱ्याचा पगार किंवा पेन्शन येते. त्यात त्यांचा दोष नाही, त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण ‘एक पैसाही न घेता’ ही जी अट आपण मोठ्या अभिमानाने मिरवतो, ती प्रत्यक्षात गरीब बाईला दाराबाहेर ठेवण्याची अट होते. ज्या बाईला रुग्णाचं दुखणं अंगावरच्या व्रणाने कळलेलं आहे ती बाहेर, आणि आत येण्याची ऐपत असलेल्या तेवढ्या आत. मग संस्था दात्यांची आणि विश्वस्तांची होते, रुग्णांची राहत नाही.

मला सांगण्यात येतं की दात्यांनी दिलेला पैसा औषधासाठी असतो, पगारासाठी नाही. ‘शंभरातले शंभर रुपये रुग्णाला’ असं पत्रकावर छापलं की देणगी येते. हा हिशोब मी अनेक चांगल्या माणसांकडून ऐकला आहे. त्याला उत्तर म्हणून एकच गोष्ट सांगते. टाटा रुग्णालयात कॅन्सर झालेल्या मुलांपैकी मोठ्या संख्येने मुलं उपचार अर्धवट टाकून गावी जात. २०१० च्या आसपासपर्यंत हे प्रमाण साधारण पाचांत एक होतं. बरं होऊ शकणारं मूल पैसा नाही, राहायला जागा नाही, घरी दुसरी मुलं आहेत, म्हणून परत जाई आणि मरे. त्यानंतर तिथे मुलांसाठी इम्पॅक्ट फाउंडेशनचं काम उभं राहिलं आणि हे प्रमाण काही वर्षांत शंभरात पाचाच्या खाली आलं. नवं औषध सापडलं म्हणून ते आलं नाही. निवारा, जेवण, पैशाची सोय, समाजकार्यकर्त्यांचं समुपदेशन आणि तारखेला न आलेल्या घरी केलेला फोन, यामुळे आलं. फोन करणारीला पगार देणं म्हणजे रुग्णाचा पैसा खाणं, असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा भिंतीवर लावावा.

मुलांबरोबर कोण राहतं तेही बघा. २००६ साली मुंबईत सुरू झालेल्या सेंट ज्यूडच्या केंद्रांमध्ये उपचार घेणारी मुलं आई-बापासकट महिनोन् महिने राहतात. प्रत्येक कुटुंबाला स्वतःची चूल, हे त्या केंद्रांचं मला फार आवडलेलं वैशिष्ट्य, कारण भीक घातल्यासारखं ताट पुढे सरकवण्यात आणि आईने आपल्या हाताने वरणभात शिजवण्यात फरक आहे. पण कुठल्याही केंद्रात किंवा धर्मशाळेत जा, मागे थांबलेली माणसं बहुतेक आयाच असतात. बाप मजुरीला परत जातो, ते समजण्यासारखं आहे. न समजण्यासारखं हे की देशातल्या रुग्णालयांच्या नोंदींत कॅन्सर झालेल्या मुलांमध्ये मुलगे मुलींपेक्षा कितीतरी जास्त आढळतात, आणि जितकं दूर न्यायचं आणि जितका खर्च करायचा तितकी मुलींची संख्या घटते. रोग मुलगा-मुलगी बघून एवढा भेद करत नाही. न आलेल्या मुलींना कुठलीही संस्था मदत करू शकत नाही, कारण त्या तिच्या दारापर्यंत पोचतच नाहीत.

मोठ्यांच्या वॉर्डातही तेच. माझ्या पाहण्यात तंबाखूने तोंडाचा कॅन्सर झालेल्या पुरुषाच्या उशाशी त्याची बायको असते, आणि स्तनाचा कॅन्सर झालेल्या बाईच्या उशाशी तिची आई, बहीण किंवा मुलगी असते. नवरे येतात, सहीपुरते. अपवाद आहेत. एक रिक्षावाला नवरा बायकोला रोज पाठीवर घेऊन दोन जिने उतरायचा, त्याला मी विसरलेले नाही. पण अपवादांचंच कौतुक करत बसलो तर नियम तसाच राहतो.

आता थोडं मागे जाऊ. टाटा रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं. त्याच्या मागची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली असते : दोराबजींच्या पत्नी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कॅन्सरने गेल्या, त्यांचा तो प्रसिद्ध ज्युबिली हिरा पुढे विकला गेला, त्याचे पैसे ट्रस्टमध्ये आले आणि त्या ट्रस्टने हे रुग्णालय बांधलं. हिऱ्याचं वजनही लोकांना पाठ असतं, २४५ कॅरट. पण त्या बाईने भारतीय स्त्रियांच्या राष्ट्रीय परिषदेच्या उभारणीत भाग घेतला, बालविवाहाविरुद्ध परदेशातल्या व्यासपीठांवर भाषणं केली, १९२९ च्या शारदा कायद्याचा पाठपुरावा केला, हे किती जणांना ठाऊक आहे? म्हणजे बाई हक्क मागत होती, आणि आपण आठवणीत ठेवला तिचा दागिना. दानशूर पतीची लाडकी पत्नी. त्या हॉलमधल्या नारळात आणि या हिऱ्यात मला फारसा फरक वाटत नाही.

आणि दान हा या संस्थांचा एकमेव रस्ता नाही, हे त्यांच्यातल्याच एकीने दाखवून दिलं आहे. कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही वाय. के. सप्रू यांनी १९६९ साली मुंबईत काढलेली संस्था. रक्ताच्या एका कॅन्सरवरच्या ग्लिव्हेक या गोळ्यांचा महिन्याचा खर्च सव्वा लाखाच्या घरात होता, आणि त्याच औषधाच्या भारतीय गोळ्या आठ-दहा हजारांत मिळत होत्या. कंपनीने पेटंट मागितलं. ते मिळालं असतं तर स्वस्त गोळ्या बंद झाल्या असत्या. संस्थेपुढे दोन पर्याय होते : कंपनीच्या दारी जाऊन आमच्या काही रुग्णांना फुकट द्या म्हणून हात पसरायचे, किंवा भांडायचं. संस्था भांडली. तिने पेटंटला रीतसर हरकत घेतली. २००६ च्या जानेवारीत चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला, कंपनी वर वर जात राहिली, आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही तो फेटाळला. एवढ्या वर्षांत वाटलेल्या मोफत गोळ्यांपेक्षा या एका भांडणाने जास्त माणसं जगली असतील, असं मला वाटतं. पण बघा, याचा सत्कार कुठल्या हॉलमध्ये होत नाही. भांडणाऱ्या संस्थेला शाल कोण घालणार?

या सगळ्यात सरकार कुठे आहे? २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या तीस ते एकोणपन्नास वयाच्या बायकांपैकी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी आयुष्यात एकदा तरी झालेल्या शंभरात दोनसुद्धा नव्हत्या, १.९. स्तनाची तपासणी ०.९. तपासणी अवघड आहे का? टाटा रुग्णालयानेच १९९८ पासून मुंबईच्या झोपडवस्त्यांत दीड लाख बायकांमध्ये एक मोठा प्रयोग केला. दहावीपर्यंत शिकलेल्या वस्तीतल्या मुलींना शिकवून, नुसत्या व्हिनेगरसारख्या पातळ आम्लाने गर्भाशयमुख तपासलं. त्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले, हे २०१३ साली जाहीर झालं. त्या प्रयोगावर टीकाही झाली, की निम्म्या बायकांना तपासणी न देता फक्त माहिती का दिली. ती टीका मला पटते. पण त्यातून एक गोष्ट सिद्ध झाली ती कुणी नाकारू शकत नाही : वस्तीतली दहावी शिकलेली बाई हे काम करू शकते. मग बायकांना तपासणीपर्यंत आणायला कुणाला सांगितलं? आशांना. त्यांच्या पदाच्या नावातच ‘स्वयंसेविका’ आहे, म्हणून पगार नाही, मानधन आणि कामागणिक मोबदला. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये महाराष्ट्रातल्या आशा संपावर गेल्या त्या याचसाठी. सरकार आणि आमच्या हॉलमधले अध्यक्ष एकच शब्द वापरतात आणि एकाच कारणासाठी.

घोडबंदर रोडवर दर ऑक्टोबरला गुलाबी टी-शर्ट घालून सकाळी धावायची स्पर्धा कुठल्या ना कुठल्या संकुलात असते. स्तनाच्या कॅन्सरची जागृती. दोन वर्षांपूर्वी मी एका ठिकाणी व्याख्यानाला गेले होते. तपासणीची व्हॅन आली होती, संकुलातल्या रहिवाशांसाठी मोफत. पाण्याच्या बाटल्या वाटत होत्या हाउसकीपिंगच्या बायका, झाडत होत्या हाउसकीपिंगच्या बायका, आणि वरच्या मजल्यांवर त्याच वेळी पोळ्या लाटत होत्या येऊरच्या पायथ्याच्या पाड्यांवरून आलेल्या बायका. आयोजकांना मी विचारलं, यांची तपासणी? ‘त्यांच्यासाठी वेगळा कॅम्प करू ना मॅडम.’ तो वेगळा कॅम्प मी अजून बघते आहे. ओवळ्याची ताई तेव्हा त्याच रस्त्यावर, गाठ लपवून, पाच घरी काम करत होती.

मला ठाऊक आहे, काही मैत्रिणी म्हणतील की पैसे मिळायला लागले की भाव जाईल, मग नोकरदारासारखं घड्याळाकडे बघणं सुरू होईल. डॉक्टर पगार घेतात, त्यांचा भाव जातो का? नर्सेस पगार घेतात, आणि सडलेली जखम धुताना तोंड फिरवत नाहीत. आणि खरं सांगायचं तर घड्याळाकडे बघण्याचा हक्क बाईला असायलाच हवा. वॉर्डातून रडून घरी येऊन पुन्हा दोन वेळचा स्वयंपाक करणाऱ्या, आणि नवऱ्याकडून ‘तुला कोणी सांगितलंय हे’ ऐकणाऱ्या स्वयंसेविका मी पाहिल्या आहेत. त्यांच्यातल्या एकीला झोप लागेना. रोज रात्री तिला एकच मुलगा दिसायचा. तिच्याशी बोलायला संस्थेकडे कुणी नव्हतं, कारण जिच्या ठायी माया मुळातच असते तिला मदत कशाला लागेल?

सगळ्याच संस्था अशा आहेत असं नाही. व्ही केअर फाउंडेशन वंदना गुप्ता यांनी स्वतः कॅन्सरमधून उठल्यावर १९९४ साली सुरू केलं. तिथे सुरुवातच रुग्ण असलेल्या बाईने केलेली. वरची खुर्ची कुणाची, यावर खाली काय दिसतं ते ठरतं. गाडीभाडं किती लागतं हे ठाऊक असलेलं एक माणूस बैठकीत असलं, तर ‘आवड कमी पडली’ हे वाक्य तरी उच्चारलं जात नाही.

त्या कार्यक्रमानंतर आम्ही सात जणींनी विश्वस्तांना पत्र दिलं. आठवड्यातून दोन दिवसांपेक्षा जास्त काम करणाऱ्या प्रत्येकीला गाडीभाडं आणि दिवसाचा पगार, आणि तो किमान वेतनापेक्षा कमी नसावा. स्वतः कॅन्सर झालेल्या आणि कष्टाची कामं करणाऱ्या बायकांना प्राधान्य. विश्वस्त मंडळात निम्म्या बायका, आणि त्यात किमान दोन माजी रुग्ण. रडून मोकळं व्हायला महिन्यातून एक दिवस, आणि त्यासाठी बाहेरची जाणकार बाई. पहिली नेमणूक ओवळ्याच्या ताईची. पत्रावर सही करणाऱ्या सात जणींपैकी पाच जणी टॉवरमध्ये राहणाऱ्या, पैशाची गरज नसलेल्या आहेत. त्यांनी सही केली याचा मला फार आनंद झाला. चिटणीसांनी तोंडी कळवलं आहे की मागण्या रास्त आहेत, पण देणगीदारांना विचारावं लागेल, तेव्हा पुढच्या आर्थिक वर्षात बघू. त्या पत्राची दुसरी प्रत आम्ही परवा पुन्हा दिली, यावेळी पोच घेऊन.

गेल्या आठवड्यात संध्याकाळी मी ताईच्या खोलीवर गेले होते. ती भाकऱ्या थापत होती. फोन वाजला. परळच्या फुटपाथवरून गोरखपूरकडची एक बाई बोलत होती. तिच्या नवऱ्याला दुसऱ्या दिवशी दाखल करायचं होतं, सासू घाबरून परत चला म्हणत होती. हा नंबर तिला कुणी दिला, ताईला ठाऊक नव्हतं. तिने फोन खांद्याने कानाशी धरला, तव्यावरची भाकरी उलटली आणि मोडक्या हिंदीत सांगायला लागली, सासूको फोन दे, हां, उसको दे. मी बात करती.